एका बिळात दोघं

फाटक उघडं दिसलं म्हणून वेंडेल प्रुइटनं ते लावून घेतलं, आणि ओळखीची सुरुवातच बोलणी खाण्यापासून झाली.

त्याचा हेतू चांगला होता. शहरात वाढलेला, आईच्या धाकातला मुलगा. दार उघडं दिसलं की लावायचं, हे अंगात मुरलेलं. राजधानीतल्या म्युझियमनं त्याला जुनी हाडं उकरायला नायोब्रारा नदीकाठच्या गवताळ रानात पाठवलं होतं. होल्गर योर्गेन्सनच्या घरी जाऊन त्यानं रीतसर परवानगी घेतली, कुरणात शिरताना ट्रकमधून उतरून मागचं लोखंडी फाटक ढकललं, साखळी अडकवली आणि स्वतःवर खूश होत खालच्या घळीकडे निघून गेला. कुरणातली पवनचक्की त्या वर्षी मोडली होती. गुरांच्या पाण्याची टाकी होती फाटकाच्या दुसऱ्या अंगाला, घराशेजारी. दुपारपर्यंत सगळा कळप फाटकाशी गोळा होऊन हंबरत होता.

घळीच्या काठावर एक घोडी येऊन थांबली. घोडीवर होल्गरची मुलगी, आर्डिस. तिचा चेहरा उन्हानं लाल झाला होता, का रागानं, ते वेंडेलला कळलं नाही.

"फाटक तुम्ही लावलंत?"

"हो," तो जरा कौतुकाच्या अपेक्षेनंच म्हणाला. "कुणाकडून तरी उघडं राहिलं होतं."

"राहिलं नव्हतं, ठेवलं होतं. माझ्या गाई तिकडे जिभा काढून उभ्या आहेत. हाडंच हवी होती ना तुम्हाला? दोन दिवस थांबला असतात तर ताजी मिळाली असती."

"चुकलं. पण मी नवा माणूस... कुठलं लावायचं नि कुठलं नाही, मला कसं कळणार?"

"कळायची गरजच नाही. जसं सापडलं तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रविवारी चर्चला नाही गेलात तर देव माफ करेल. फाटकाला माफी नाही."

त्यानं हॅट काढली. केसांत, भुवयांत, कानाच्या पाळ्यांवर सगळीकडे हाडांवर चढवायचं पांढरं प्लास्टर वाळलेलं. पीठगिरणीतून निसटलेल्या माणसासारखा तो दिसत होता. आर्डिसला हसू आलं, आणि ते दिसू नये म्हणून तिनं घोडी वळवली... पण जरा उशीरच झाला.

त्या रानात गोफर उदंड. आपल्या घुशीचा भाऊबंदच म्हणा. जमीन पोखरून ठेवतो, आणि त्याच्या बिळात घोड्याचा पाय गेला की घोडा कामातून गेला. आर्डिस लहानपणापासून त्यांना सापळे लावत आलेली. त्यामुळे घळीतून वेंडेलनं एक लहानशी कवटी काढून दाखवली आणि "हाही गोफरच, फक्त याला नाकावर दोन शिंगं आहेत," असं सांगितलं, तेव्हा तिला ती थट्टाच वाटली.

"नाकावर?"

"नाकावर. शेजारी शेजारी, वर वळलेली. हे रान तेव्हाही असंच होतं. हा इथंच बिळं करायचा. आता एकही उरला नाही."

"बरं झालं. बिनशिंगाच्यांनीच जीव नकोसा केलाय." तिनं कवटी उन्हात धरून फिरवली. "शिंगं कशाला होती? नर एकमेकांशी भांडायचे बायकोवरून?"

"तसं म्हणावं, तर मादीलाही होती. अगदी तेवढीच."

"म्हणजे बायको नवऱ्याला टोचायला."

"असेल. काही जणींच्या नाकावर नुसता राग असतो," तो कवटीवरची माती फुंकत म्हणाला, "हिच्या नाकावर शिंगं होती. एवढाच फरक."

तो उन्हाळा असा गेला. पुढच्या उन्हाळ्यात वेंडेल परत आला, तेव्हा आर्डिस रोज काही ना काही निमित्त काढून घळीत उतरू लागली. कधी कुंपण बघायला, कधी चुकलेलं वासरू शोधायला. वासरू बिचारं आईपाशीच असायचं. खोगिराच्या पिशवीत मात्र कॉफीची बाटली आणि चोकचेरी या रानफळाचा गोड केक न चुकता असे. "तुम्ही" जाऊन "तू" कधी आलं, ते दोघांनाही कळलं नाही.

होल्गरला कळलं होतं. हिवाळ्यात त्याच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि उजवं अंग गेलं. शब्दही बरेचसे गेले. उरलेले तो जपून वापरत असे. खिडकीशी खुर्चीत बसून तो फाटकाकडे बघायचा.

"तो... बरा आहे," एकदा तो म्हणाला.

"कोण, पपा? नवा घोडा?"

"घोडा नाही." ओठाचा एक कोपरा हसला. "तो."

आर्डिसनं त्याची हनुवटी पुसली आणि विषय बदलला. बदलणारच. कारण मनातून ती अगदी खचली होती. तिचं त्या प्लास्टरनं माखलेल्या माणसावर प्रेम होतं, आणि त्यातून काही निघणार नाही हे तिला प्रेमाच्या आधीच ठाऊक होतं. पपांना उचलून शहरात नेणं म्हणजे जुनं झाड उपटून कुंडीत लावणं. आणि वेंडेलनं इथं राहावं... ते तर तिला त्याहून नको होतं. तिची आई अशीच आली होती. ओमाहा शहरातली शाळामास्तरीण, पियानो वाजवणारी, होल्गरच्या प्रेमात पडून या रानात राहिलेली. राहिली म्हणजे काय, खिडकीशी उभी राहून रस्त्याकडे बघत राहिली. वारा सुरू झाला की कानांवर हात ठेवायची. आर्डिस तेरा वर्षांची असताना एका सकाळी ती गेली, आणि पुन्हा आली नाही. पपांनी तिला कधी वाईट म्हटलं नाही. "माझीच चूक," एवढंच म्हणाले होते. "तिनं राहते म्हटलं, आणि मी राहू दिलं."

तिसऱ्या उन्हाळ्यात वेंडेलला ते बीळ सापडलं.

सापडलं त्या दिवशी तो ट्रक न घेता धावत घरापर्यंत आला होता. बीळ म्हणजे जुनी माती भरून दगड झालेलं भुयार, आणि त्यात एक नव्हे, दोन शिंगवाले गोफर. पुरे सांगाडे. नाकाशी नाक, मध्ये बोटभर जागा.

"तुला कळतंय का?" घळीत पालथं पडून तो सांगत होता. "गोफर एकटा राहतो. एका बिळात एक. दुसरा आला तर मारामारी. हा नियम आहे."

"मग हे भांडतच मेले असणार. शिंगाला शिंग."

"भांडण नाही वाटत मला. बघ ना, पाय पोटाशी घेतलेत. झोपलेत."

"नवरा-बायकोचं भांडण झाल्यावरही झोपतात माणसं."

"तू म्हणजे ना..." त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. दोघंही पालथी, कोपरं मातीत, आणि चेहऱ्यांमध्ये बोटभर नाही तरी वीतभरच जागा. वारा क्षणभर पडला. वर कुठंतरी माळटिटवी ओरडली. आर्डिस आधी उठली आणि गुडघे झटकू लागली.

सगळा उन्हाळा त्या एका ठोकळ्यावर गेला. हाडं सुटी काढायची नसतात. भोवतीच्या मातीसकट ठोकळा कोरायचा, वर ओला कागद, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. वाळलं की टणक कवच होतं. मग बूड कोरत कोरत ठोकळा एका बारक्या खांबावर आणायचा आणि उलटा करायचा. उलटा करतानाच धोका असतो. शेवटच्या आठवड्यात वरचं कवच चढवायला आर्डिस मदतीला आली. एकाच बादलीत चार हात. बोटांना बोटं लागत होती, आणि प्लास्टर निसरडं असतं म्हणून कुणी काही बोलत नव्हतं.

"इथं दोन्ही तळवे दाबून धर," वेंडेल म्हणाला. "घट्ट होईपर्यंत काढू नकोस."

तिनं धरले. पट्ट्या तळव्यांखाली गरम होऊ लागल्या. प्लास्टर वाळताना गरम होतं. तो समोर बसला, त्याचेही हात त्याच ठोकळ्यावर.

"आता तुला पळता येणार नाही," तो म्हणाला. "म्हणून आत्ताच विचारतो."

"वेंडेल..."

"ऐकून तर घे. मी म्युझियम सोडतो. इथं राहतो. कुंपणं शिकेन, गाई शिकेन, तुझ्या पपांना उचलायला दुसरा माणूस होईल. मला दुसरं काही नको."

"तुला हाडं हवी असतात. गाईंना बघून तुझ्या पोटात गोळा येतो."

"तो गोळा तुझ्यामुळे येतो. गाई उगीच बदनाम."

ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. हात अडकलेले, पुसायची सोय नाही. त्यालाही पुसता येईना. दोघं तशीच बसून राहिली, मध्ये ते दोन शिंगवाले जीव, पांढऱ्या कवचाखाली.

"आत्ता उत्तर देऊ नकोस," तो हळूच म्हणाला. "शनिवारी दुपारी ठोकळा उलटा करून ट्रकमध्ये चढवला, की मी निघणार. घळीतून वर आलो की तुमचं फाटक समोर दिसतं. उघडं असलं, तर आत वळेन आणि तुझ्या पपांशी बोलेन. बंद असलं तर खालच्या वाटेनं सरळ हमरस्ता. काही बोलावंच लागणार नाही तुला."

प्लास्टर केव्हाच टणक झालं होतं. तरी दोघांनी हात काढले नाहीत.

शनिवारी सकाळी आर्डिसनं होल्गरला दाढी करून दिली, कॉफी पाजली आणि ती चालत फाटकापर्यंत गेली. पवनचक्की दुरुस्त झाल्यापासून फाटक बंदच असायचं. तिला काही करायचंच नव्हतं. फक्त काही न करता परत यायचं होतं. साखळीवर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. तिनं स्वतःला त्याच्या जागी पाहिलं नाही, आईच्या जागी त्याला पाहिलं. खिडकीशी. कानांवर हात. मग साखळीचा एक वेढा होता, तिथं तिनं दुसरा घातला आणि घरी आली.

"उघडलं?" होल्गरनं विचारलं. त्याला कुणी सांगितलं होतं देव जाणे.

"नाही, पपा."

त्यानं डावा हात उचलून खुर्चीच्या हातावर आपटला.

दुपारी फोन वाजला. त्या भागात सगळ्यांची एकच तार. दोन लहान घंटा म्हणजे योर्गेन्सन, तीन म्हणजे शेजारचा एमिल. ही घंटा मात्र लांबच लांब वाजत राहिली, थांबेचना. अशी घंटा सगळ्यांसाठी असते, आणि तिचा अर्थ ऑगस्टमध्ये एकच असतो. आर्डिसनं फोन उचललाही नाही. पश्चिमेच्या टेकडीमागे धूर चढत होता, आणि वारा तिकडूनच होता.

वणवा आला की विचार करायचा नसतो. गुरांची वाट मोकळी करायची, फाटक दिसेल ते उघडायचं. तिनं घोडी पिटाळली, दोन वेढे सोडले, फाटक पार मागे लोटलं आणि कुरणात शिरून ओरडून ओरडून कळप हाकला. घराभोवतीचं गवत कापून झालेलं होतं; तिथं आग पोसली जाणार नव्हती. गुरं धुराच्या वासानं आधीच बिथरलेली, उताराची वाट मिळताच सुटली. उताराची वाट म्हणजे घळ. शेकडो खूर घळीत उतरले, पलीकडे वर चढले आणि फाटकातून बाहेर पडले. तेव्हा आर्डिसला ठोकळा आठवला नाही. पुढं आयुष्यभर ती स्वतःला हे विचारणार होती, पण त्या वेळी खरोखरच आठवला नाही.

शेजारी ट्रॅक्टर घेऊन पोचले, आग अडवायला माती उलटी करत पट्टा काढू लागले. धुरातून म्युझियमचा ट्रक आला. मागं प्लास्टर कालवायच्या पाण्याचं पिंप, आणि गोणपाटांची चळत.

"भिजवा आणि मारा," वेंडेल प्रत्येकाच्या हातात एकेक ओलं गोणपाट कोंबत होता. तिच्याही हातात कोंबलं. त्याच्या भुवया जळाल्या होत्या. एका रांगेत उभं राहून सगळ्यांनी गवताला, ज्वाळांना, जमिनीला बडव बडव बडवलं. पाणी संपलं तेव्हा आग कापलेल्या गवताच्या कडेला येऊन, कुंपणाचे लाकडी खांब खाऊन, कंटाळल्यासारखी विझली. घर वाचलं. सगळी गुरं वाचली.

ऊन कलल्यावर शेजारी पांगले. होल्गरला एमिलनं आत नेऊन निजवलं. वेंडेल आणि आर्डिस ट्रकच्या मागच्या फळीवर बसली, दोघंही डोक्यापासून पायापर्यंत काळी. तिनं घरातून ताकाचा जग आणला होता. दोघं आळीपाळीनं त्यातून पीत होती.

"पहिल्यांदा पांढरा होतो," तो म्हणाला, "आता काळा. मला माणसाच्या रंगात कधी बघशील का तू?"

तिला हसायचं होतं.

"ठोकळा?" तिनं विचारलं.

"खांबावरच होता. उलटा करायला पट्ट्या भिजवल्या, तेवढ्यात धूर दिसला." त्यानं ताकाचा जग हातात फिरवला. "गुरं वरून गेली. मी बघून आलो मघाशी. एकाचा भुगा झालाय. एक शाबूत आहे."

"माझ्यामुळे... मीच हाकली गुरं तिकडून."

"मग काय करायला हवं होतंस? गुरांना सांगायचं, बाजूनं जा, साहेबांचं काम चाललंय?" आणि त्या काळ्या चेहऱ्यात एकाएकी पांढरे दात दिसले. "जाऊ दे ग. एक उन्हाळाच गेला. मी घळीतून ट्रक वर काढला, आणि आर्डिस... फाटक उघडं होतं. आग समोर होती, पण मला आधी फाटक दिसलं. मी वेड्यासारखा हसत होतो. वणव्यात जाताना हसणारा माणूस कुणी पाहिला नसेल."

काही न बोलणं किती सोपं होतं. फाटक उघडंच होतं, खोटं बोलायचीही गरज नव्हती. जीभ गिळून बसलं की झालं. संध्याकाळी तो पपांच्या खाटेशी बसला असता. आर्डिसला ते हवं होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. अख्ख्या उन्हाळ्याच्या मेहनतीचा भुगा झाला तरी हा माणूस हसत होता. उद्या म्युझियमचा भुगा करून हसेल, परवा स्वतःचा. आणि मग एके दिवशी हसणार नाही.

"ते गुरांसाठी उघडलं मी," ती म्हणाली.

त्यानं तोंडाला लावलेला जग खाली घेतला.

"सकाळी बंद होतं. मी मुद्दाम जाऊन बघून आले. दुसरा वेढा घालून आले."

वाऱ्यानं राख उडाली, दोघांच्या मधून गेली. त्यानं जग फळीवर अलगद ठेवला, जणू काही तेच महत्त्वाचं होतं.

"प्रेम नाही म्हणून?"

"आहे म्हणून," ती म्हणाली. "तुला ठाऊक आहे."

"हो. ठाऊक आहे." तो फळीवरून उतरला. "चला, नियमाप्रमाणे झालं म्हणायचं सगळं. बिळात एकच राहिला."

त्यानं तिचा हात घेतला, तळवा वर केला आणि अंगठ्यानं काजळी पुसायला गेला. ती पुसली गेली नाही, नुसती पसरली. मग तो ट्रकमध्ये चढला. उरलेला एक उचलायला त्याला आधी घळीत जायचं होतं, म्हणजे फाटकातून. फाटकाचं काय करायचं हे त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. नियम होताच. त्याला उघडं सापडलं होतं, तो उघडं ठेवून जाणार. आणि आर्डिसनं एवढीच एक गोष्ट स्वतःसाठी ठेवली होती. 'नाही' म्हणून झालं होतं. पण फाटक उघडं राहिलं असतं, हिवाळाभर, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत, आणि त्यात कुणाचा दोष नसता.

पपांनी हाक मारली म्हणून ती आत गेली. तिनं त्यांना कूस बदलून दिली.

"गेला?"

"गेला, पपा."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

सकाळी ती गुरं मोजायला बाहेर पडली आणि फाटकापर्यंत गेली. कुरण नजर जाईल तिथवर काळं होतं. कुंपण उरलंच नव्हतं. खांबांच्या जागी राखेचे ठिपके आणि जमिनीवर लोळणाऱ्या तारा. त्या काळ्या मोकळ्या रानात फक्त ते लोखंडी फाटक आपल्या दोन लोखंडी खांबांवर उभं होतं.

बंद. साखळीला दोन वेढे. तिनं घातले होते तसेच.

पहिल्या उन्हाळ्यानंतर वेंडेलनं फाटकाच्या बाबतीत कधीच चूक केली नव्हती; तिनं बंद होतं म्हणून सांगितलं, त्यानं बंद ठेवलं. तिनं साखळी हातात घेतली आणि ती रडली, आवाज न करता, बराच वेळ. फाटकाच्या दोन्ही बाजूंना काहीच नव्हतं, पाच पावलं बाजूला होऊन पलीकडे जाता आलं असतं. टाकीकडून दोन गाई आल्या आणि तशाच गेल्याही, तारा ओलांडून, तिच्याकडे न बघता. आर्डिसनं दोन्ही वेढे सोडले, फाटक उघडलं, कुरणात गेली, गाई परत वळवून आणल्या आणि साखळीला पुन्हा दोन वेढे घातले.

मग ती पपांची कॉफी करायला घराकडे निघाली.